दुखतंय का, या प्रश्नाचे गुण

सांगली,
२० जानेवारी १९४७

प्रिय शरयू,

तू आपणहून लिहिणार नाहीस हे ठाऊक होतं, म्हणून मीच लिहायला बसले. तुझ्या वर्गातली पद्मा सांगत होती की साताऱ्याला गेल्यापासून तू पुस्तकांची पेटी उघडलेली नाहीस आणि अण्णांनी मुलींच्या शाळेत तुझ्यासाठी जागा बघून ठेवली आहे. एक तारखेला रुजू होणार म्हणे. तसं झालं तर आपल्या व्यायामोपचाराच्या वर्गाला तू कायमची मुकशील, आणि त्याला कारण मी. रागाच्या भरात पत्र फाडू नकोस. तुझा राग मला माहीत आहे, पण तुझं कुतूहलही माहीत आहे.

पदवीधरांचा हा पहिलाच वर्ग, तेव्हा परीक्षा कशी घ्यायची हे सांगणारं कुणी नव्हतं. मी तक्ता आखला आणि त्याचा मला फार अभिमान होता. गुडघा किती अंश वाकला ते लाकडी कोनमापकाने मोजायचं. मग रोग्याला विचारायचं, दुखतंय का? तो ‘हो’ म्हणाला की विद्यार्थ्याचे गुण कापायचे. तुझ्याबरोबरच्या मधूचा रोगी आकाराम एकशे दहा अंशांपर्यंत गेला आणि ‘न्हाई’ म्हणाला. तुझा रोगी ज्ञानू ऐंशीलाच ‘दुखतंय’ म्हणाला. तू तिथेच हात थांबवलास आणि मी तुला नापास केलं. दोघेही लढाईवरून आलेले, दोघांचे गुडघे सारखेच आखडलेले. तू कोनमापक पुसून जागेवर ठेवलास आणि निघून गेलीस. मला वाटलं, पोरीला आपली चूक पटली.

परीक्षेनंतर वर्गाला सुट्टी होती, त्यामुळे मी रोग्यांकडे फिरकलेच नाही. संक्रांतीला मात्र दवाखान्याच्या ओसरीवर पंगत बसली आणि गुळाच्या पोळ्या वाढायला मी गेले. ज्ञानू भिंतीला हात लावून पाटावर बसला होता, दुखरा पाय थोडा पुढे सोडून. जेवण झाल्यावर कुणाचाही हात न धरता उठला आणि स्वतःचं ताट उचलून घेऊन गेला. पूर्ण गुण मिळवलेला आकाराम खांबाला टेकून उभ्याने जेवत होता. धोतर सरकलं तसा त्याचा गुडघा दिसला, चांगलाच सुजलेला. परीक्षेच्या दुसऱ्या दिवसापासून त्याला पाय टेकवत नव्हता.

मी चिडून विचारलं, मग त्या दिवशी खोटं का बोललास? तो ओशाळून म्हणाला, “आवं बाई, पलटनीत साहेबानं इचारलं की न्हाईच म्हनायचं आसतं. तुमी बी वही घिऊन उभ्या व्हता.” मी ज्ञानूकडे वळले. त्याने सरळ सांगितलं, “शरयूबाईंनी पैल्याच दिशी बजावलं व्हतं, दुखलं तर दुखतंय म्हना, न्हाईतर मी हात लावनार न्हाई.”

शिपाईगड्याकडून हे वदवून घेणं किती अवघड, हे दहा वर्षं रोग्यांमध्ये काढून मला कळलं नव्हतं. तू ते पहिल्या दिवशी साधलंस आणि मी त्याचेच गुण कापले. मला स्वतःची लाज वाटली. काल आपल्या मोठ्या डॉक्टरांपुढे, नानासाहेबांपुढे, तक्ता ठेवला आणि चूक परीक्षकाची आहे म्हणून सांगितलं. त्यांनी तो माझ्या हातात परत देत म्हटलं, नवा करा. आता रोगी पंगतीत बसून आपला आपण उठतो का, बैलगाडीत चढतो का, हे बघायचं. तू पास झालीस, पहिली आलीस. मधूही समजूतदार निघाला. आकारामची सूज उतरेपर्यंत माझा निकाल नको, असं तो स्वतःच म्हणाला.

पण निकाल कळवायला एक कार्ड पुरलं असतं. वर्षभर माझी दोन्ही मनगटं धरली आहेत. रोग्याचा पाय उचलताना हात कापतो. नानासाहेबांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी हसून ‘छे’ म्हणाले, पलटणीत न जाताच. जूनमध्ये नवी मुलं येतील. त्यांना सांगायला माझ्याजवळ तोंड आहे, दाखवायला हात नाहीत. माझ्या जोडीला तू शिकवायला ये. हे पत्र अण्णांना वाचून दाखवलंस तरी हरकत नाही. आजवर कुणाजवळ बोलले नाही ते तुला सांगते, शरयू, मला फार दुखतंय.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली, तुझीच
विनोदिनीबाई