आंबलेल्या भाताचं पाणी

३ नोव्हेंबर १९८७, बोईसर
सकाळपासून दवाखाना भरलेला. किनाऱ्यावरच्या नवापूरची मंदा, वय तीन, चार दिवस पातळ जुलाब. ताप नाही, रक्त नाही. बरोबर बाप हरेश्वर (इथल्याच एका कारखान्यात पाळीवर), त्याची बायको सुमन आणि त्याची आई जानकीबाई. ही सुकी मासळी विकते. खायला काय देता, विचारलं. म्हातारी म्हणाली, "रातच्या भातात पानी घालून ठेवते. सकाळी आंबलं का तेच पाजते. आमची सगली पोरं त्याच्यावरच उठली, बाय."
सगळ्यांसमोर झापलं. कुजकं पाणी पाजून नात मारायचीय का? बाकावरचे हसले. मला बरं वाटलं, हे इथे तरी लिहावं.
अँटिबायोटिक, सात दिवस. नुसतं मीठ-साखरेचं पाणी पुरलं असतं बहुधा. पण बाटली दिली नाही तर लोक समोरच्या डॉक्टरकडे जातात.

१० नोव्हें.
मंदा परत. आता जुलाबात शेम आणि रक्त. डोळे खोल गेलेले. हरेश्वर म्हणाला, "औषध चालू असताना वाढलं कसं?" प्रश्न बरोबर होता. तोंडातून निघालं, "घरी ते पाणी चालूच असणार."
जानकीबाई नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "नाय वो बाय. थेंब नाय दिला." हरेश्वरने तिचा हात झटकला.
आणखी जोराचं औषध लिहिलं.

१३ नोव्हें.
सुमन मंदाला घेऊन एकटीच आली. पोर कापडासारखी. सलाईन लावलं. सुमन सांगत होती, आईंना घराबाहेर काढलं. मासेमारीची जाळी ठेवतात त्या खोपीत असतात. ताट लांबून सरकवतात. मंदा आजी आजी करते, तर तिला पण मार बसतो.
मी पोरीचा हात चाचपत होते. शीर सापडत नव्हती.

१५, रविवार
मुंबईला बाईंकडे. कॉलेजात मला शिकवायच्या, मुलांच्या डॉक्टर. सगळी केस सांगितली, म्हातारीच्या पाण्याची गोष्टही, गंमत म्हणून. बाई हसल्या नाहीत. "औषध कधी सुरू केलंस? रक्त कधी दिसलं?"
औषधाच्या सहाव्या दिवशी, म्हटलं.
मग बोलल्या. आतड्याचं अस्तर एका पेशीच्या जाडीचं. त्याच्यावर चांगल्या जंतूंची वस्ती असते, ती वाईटांना जागा देत नाही. "तू ती वस्तीच जाळलीस. अस्तर उघडं पडलं, सूज आली. दुसरं काय होणार?" दह्या-ताकातले, आंबवलेल्या अन्नातले जंतू ती भिंत सांभाळत असावेत, सूज उतरवत असावेत, असं त्यांचं मत. पुरावा अजून पुरेसा नाही म्हणाल्या, पण त्या असे जंतू औषध म्हणून देतात. शेवटी म्हणाल्या, "पाणी उकळून घ्यायला सांगायचंस त्या आजीला. बस. एवढंच चुकत होतं तिचं, चुकत असलंच तर."
जेवायला थांबले नाही.

१६ नोव्हें.
दोन्ही औषधं बंद. लॅक्टिक जंतूंची पावडर लिहून दिली. ताजं ताक, पेज, मीठ-साखरेचं पाणी.

२१ नोव्हें.
रक्त थांबलं. मंदा आज स्वतः पायऱ्या चढली. पावडरीने, की माझी औषधं थांबली म्हणून, कोण सांगणार. हरेश्वरने पापलेटं आणली, पाया पडला. मग पुडी हातात फिरवत विचारलं, "याच्यात काय असतं बाय?"
ताकातले जंतू असतात तसे, म्हटलं.
"म्हंजे आईचं ते आंबलेलं पानी..."
"ते वेगळं."
मी लगेच म्हणाले. विचारसुद्धा करावा लागला नाही.

२६ नोव्हें.
जानकीबाई चालत आली, नवापूरहून. रांगेत बसली. हात पुढे केले. कातडी सोललेली, बोटांच्या बेचक्यांत चिरा. धुण्याच्या सोड्याने घासते, दिवसातून चार-पाच वेळा. "आता मासलीचा वास नाय येत, बगा ना. त्याला सांगा, पोरीला हात लावू दे. मी काय खायला नाय घालनार."
मलम लिहून दिलं. सोडा लावू नका, म्हटलं. तिने कागद कपाळाला लावला.
ती गेल्यावर पुढच्या पेशंटला हाक मारायची विसरले.

२९, रविवार
नवापूरला गेले. रिक्षात वाक्यं जुळवली. चूक माझी होती, औषधाने झालं, तुमच्या आईने नाही. तीनदा म्हणून बघितली.
घरात सगळे उठून उभे राहिले. शेजारच्या चार बायकाही आल्या, डॉक्टरीणबाय बघायला. मंदा गुबगुबीत होऊ लागलीय. मागच्या दारातून खोप दिसत होती. जानकीबाई तिच्या दारात बसून बोंबील निवडत होती. मला बघून उभी राहिली, पण पुढे आली नाही.
सुमननेच काढलं. "आता आईंना आत घ्यायचं का? हे म्हनतात, बाय सांगतील तसं."
हरेश्वर माझ्या तोंडाकडे बघत होता. चारी बायकाही.
म्हटलं, आधी चहा होऊ दे.