कुडाच्या फटी

मुक्काम कल्याण, माघ महिना

तीर्थरूप आईच्या पायी विश्रामचा दंडवत.

गावात गाठीच्या तापाची साथ आहे, म्हणून गोदा नि मी घर सोडून मळ्यात खोप बांधून राहिलो. बांबू इथलेच, वर माडाच्या झावळ्या, दार तेवढं घरचं काढून आणलं. कुडाला फटी राहिल्या, तर तुझी सून हसून म्हणाली, "असू द्या, वारा लागेल."

तुझे गुडघे कसे आहेत? इकडे मदतीला कुणी येऊ नका.

पंढरी, भावा, वाचता वाचता थांब. आईला आधी खाली बसव, मग पुढचं वाच.

गोदा परवा गेली. ती निजायची तिथं दिवा लावलाय. दहा दिवस तो विझता कामा नये, म्हणून आज सगळ्या फटी शेणामातीनं बुजवल्या.

आता खोपीत वारा म्हणून लागत नाही.

तुझा,
विश्राम