बॅगेला व्हिसा लागत नाही

४ जून

प्रिय धाकटे साडूभाऊ,
स. न. वि. वि.

दोन्ही घरचे फोन या दोघी बहिणींच्या ताब्यात असल्यामुळे तुमचं अभिनंदन पत्रानेच करावं लागतंय. मालकांनी तुम्हाला तीन दिवसांसाठी परदेशी पाठवायचं ठरवलं, ही बातमी मला कारखान्यात नाही, तर घरी भाजी निवडता निवडता हिच्याकडून कळली. आनंद झाला. तो माझ्या तोंडावर दिसत नाही असं ही म्हणते, पण तो माझ्या तोंडाचा दोष आहे.

त्या हॉटेलाने आपली कुलपं बसवली आणि आता दारं उघडेनात, पाहुणे आत अडकताहेत, असं ऐकलं. ते कुलूप मी आखलं. तुम्ही ते विकलंत. विकणाऱ्याने दुरुस्तीला जायचं, ही मालकांची नवी रीत दिसते. असो. तुम्हाला या कंपनीत चिकटवलं, तेव्हा किल्ली कोणत्या बाजूने आत जाते हे मीच दाखवलं होतं, एवढं लक्षात असू द्या.

व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो. त्याचा मी बराच अभ्यास करून ठेवला आहे, अर्थात स्वतःसाठी. कागद पाठवा, तपासून देतो.

लोभ आहे तो विमानात बसून पातळ होऊ नये, इतकंच मागणं.

तुमचा,
थोरला साडू


१० जून

आदरणीय साडूभाऊ,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा अभिनंदन सापडलं नाही म्हणून.

मालकांनी मला का निवडलं ते मी विचारलं. तुम्ही गिऱ्हाइकाला त्याची चूक समजावून सांगता आणि मी गिऱ्हाइकाची समजूत काढतो, असं ते म्हणाले. यात स्तुती नेमकी कोणाची, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही मला इथे चिकटवलंत हे मात्र विसरलेलो नाही. दिवाणखान्यातल्या कुठल्याच बैठकीत तुम्ही ते विसरू देत नाही.

धाकटीबरोबर पासपोर्ट, परतीचं तिकीट, हॉटेलाचं बोलावणं आणि फोटो पाठवतोय. तपासणीत तुमचा हात धरणारा घरात कोणी नाही. आणखी एक. माळ्यावरची निळी बॅग तीन दिवसांपुरती मिळेल का? ताईंनी परस्पर हो म्हटलंय. तुम्ही ती परदेशी जायचं म्हणून घेतलीत आणि आता तिच्यात जुन्या चादरी नांदतात, असं त्या म्हणाल्या. तुमच्या सोफ्यासारखंच तिलाही प्लॅस्टिकचं कव्हर आहे, ते काढलं तर चालेल ना?

लोभ असावा, थोडा बॅगेबरोबरही पाठवावा.

आपला,
धाकटा साडू


१४ जून

प्रिय धाकटे साडूभाऊ,
स. न. वि. वि.

बॅग पाठवली आहे. कव्हर काढू नये. चादरी आता माझ्या टेबलावर आहेत आणि मी जेवणाच्या टेबलावर. माझी बॅग माझ्याआधी परदेशी निघाली. घरात याचं कोणालाच काही वाटत नाही.

तुमचे कागद ठीक आहेत. पासपोर्टाची मात्र दशा करून ठेवलीत. कोपरे मुडपलेले, फोटोच्या पानाची कड उसवलेली. असा चुरगळलेला माणूस परक्या अधिकाऱ्यापुढे उभा करणार होतात? त्या पानावर जाड प्लॅस्टिक चिकटवून वरून बेताची इस्त्री फिरवून दिली आहे. आता चहा सांडला तरी भीती नाही.

तिथे काय विचारतील त्याचीही तयारी ठेवा. कशाला आलात, कुठे उतरणार, परत कधी जाणार. उत्तर विचारलं तेवढंच द्यायचं. विनोद करायचा नाही. हे तुम्हाला अवघड जाईल. मी असतो तर प्रश्नच नव्हता.

जाऊन या. लोभाची घडी मोडू देऊ नका.

तुमचा,
थोरला साडू


२३ जून

साडूभाऊ,
नमस्कार.

मी परत आलो हे ताईंकडून कळलं असेलच. गेलो तितक्याच लवकर आलो.

निघताना खिडकीतल्या माणसाने त्या प्लॅस्टिकवर नख मारून पाहिलं आणि सोडून दिलं. तिकडच्या माणसाने सोडलं नाही. यंत्राला ते पान वाचता येईना. त्याने आणखी एकाला बोलावलं, दुसऱ्याने साहेबाला. हे प्लॅस्टिक कोणी लावलं, असं साहेबाने विचारलं. साडूने, असं सांगितलं. साडू म्हणजे कोण, हे समजावता समजावता प्रकरण आणखीच संशयास्पद झालं. मग मला एका खोलीत खुर्ची दिली, पाणी दिलं. बिघडवलेल्या पासपोर्टावर व्हिसा मिळत नाही, असं साहेब अगदी सभ्यपणे समजावून गेला आणि मला परतीच्या विमानात बसवलं. तुमची बॅग तोवर बाहेर पट्ट्यावर ऐटीत फिरत होती. बॅगेला व्हिसा लागत नाही. ती उद्या घरी पोहोचेल.

मालक माझ्याशी तुटक बोलताहेत. भावजींनी जळून केलं, असं धाकटी म्हणते. तसं नसेल, असं मी आधी म्हणत होतो. आता म्हणायचं थांबलोय. तिने ताईंना फोन करायचा नाही असं ठरवलंय. फोन मोकळा आहे, तरी मी पत्रच लिहितोय, यावरून समजा.

धाकटा साडू


२६ जून

प्रिय धाकटे साडूभाऊ,
स. न. वि. वि.

आमचाही फोन वाजत नाही. ही तो स्वयंपाकघरात समोर ठेवून बसते आणि माझ्याकडे बघते. वाढते, पण पुरेसं झालं का विचारत नाही.

मी जळत होतो, हे खरं. त्याला पुरावा नको, हिला विचारा. पण प्लॅस्टिकबद्दल मात्र पुरावा आहे, तो सोबत जोडला आहे. हा माझा पासपोर्ट. हातात आला त्याच संध्याकाळी याला प्लॅस्टिक लावलं होतं, तुमच्यापेक्षा जाड. इस्त्री जरा जास्त तापली होती, म्हणून नाकावर बुडबुडा आहे. जळणारा माणूस स्वतःचा पासपोर्ट इतकी वर्षं आधी बिघडवून ठेवत नाही.

म्हणजे मालकांनी मला पाठवलं असतं तरी त्या खुर्चीवर मी असतो. माळ्यावर बॅग, कपाटात पासपोर्ट, असा मी तयार बसलो होतो. तयारी कसली होती, ते तुमच्या पत्रातून कळलं.

धाकटीला दाखवा. परत करायची घाई नाही. आता तो कशाच्याच उपयोगाचा नाही.

लोभ राहिला असेल तर कळवा.

तुमचा,
थोरला साडू


२९ जुलै

आदरणीय साडूभाऊ,
सा. न. वि. वि.

तुमच्या फोटोतले केस पाहून धाकटी आधी हसली. मग तिने सगळी कोरी पानं एकेक करून उलटली आणि ताईंना लावायला फोन उचलला. तेव्हापासून तो मला मिळालेला नाही, हे तुम्ही जाणताच.

आपण दोघांनी नव्या पासपोर्टासाठी एकाच रांगेत अर्ज दिले आणि तुमचा आधी आला. माझा अजून तपासणीत. हॉटेलातल्या पाहुण्यांनी दारं उघडी टाकून झोपायला सुरुवात केली आहे, त्यामुळे मालक थांबणार नाहीत. कुलूप ज्याने आखलं त्यालाच पाठवा, असं मीच त्यांना सांगितलं. याला मोठेपणा समजू नका. सांगून घरी आलो आणि जेवण गेलं नाही. तुम्हाला त्या वेळी काय होत होतं, ते आता कळतंय.

नव्या पासपोर्टाजवळ इस्त्री नेऊ नका. लोभ असू द्या, मी तुमच्यावर जळत असलो तरी.

आपला,
धाकटा साडू


७ ऑगस्ट

प्रिय धाकटे साडूभाऊ,
स. न. वि. वि.

हे हॉटेलाच्या कागदावर लिहितोय. दारं उघडली. ओरखडे पडू नयेत म्हणून कुलपावर प्लॅस्टिकची पट्टी लावून पाठवतात, ती इथे कोणी काढलीच नव्हती. उन्हाने वितळून आत चिकटली होती. ती पट्टी कोणाच्या सूचनेवरून लावतात, हे मालकांना सांगायची गरज नाही.

व्हिसाचं म्हणाल तर उतरलो, पैसे भरले, खिडकीपाशी गेलो. सगळी उत्तरं तोंडपाठ होती. त्या माणसाने मान वर न करता शिक्का मारला, तोही तिरका, आणि मागच्याला पुढे बोलावलं. कशाला आलात, असंही विचारलं नाही.

तुम्हाला त्यांनी वेगळी खोली दिली. खुर्ची दिली, पाणी दिलं, साहेब स्वतः येऊन बोलला. बॅग ओढत बाहेर पडताना मला तुमचा पुन्हा हेवा वाटला.

घरी आल्यावर भेटू. तोवर लोभ सांभाळा. उघडाच ठेवा, काही लावू नका.

तुमचा,
थोरला साडू