त्या बाईसाठी

३ ऑक्टोबर

गाठच आहे. काखेजवळ हाताला लागते, हरभऱ्याएवढी. दुकानात दिवसभर बायकांच्या छातीची मापं घेते मी, आणि स्वतःची खबर लागली ती आंघोळ करताना. दुपारी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला बाही उलटी जोडली. मालकीणबाई म्हणाल्या, ‘लक्ष कुठंय तुझं?’ लक्ष काखेत होतं.

४ ऑक्टोबर

प्रार्थनेला बसले. ‘प्रभू’ म्हणाले आणि पुढे शब्दच नाही.

६ ऑक्टोबर

सुई घालून तुकडा काढला, तपासणीला. दुखतंय. ह्यांना कळवलं नाही — परगावी कामावर आहेत, उगाच जीव टांगणीला. सासूबाईंना तर नाहीच. त्यांची बहीण याच दुखण्यानं गेली.

पण कुणाला तरी सांगणं भाग होतं. चर्चच्या पाळकबाईंना फोन केला. आमच्या मंडळीत प्रार्थनेची साखळी आहे — एकीनं दुसरीला फोन करायचा, दुसरीनं तिसरीला. नाव विचारायचं नाही. म्हटलं, ‘माझ्या ओळखीच्या एका बाईला गाठ आलीय. फार घाबरलीय ती.’

संध्याकाळी घरातलाच फोन वाजला. सासूबाईंनी घेतला. ‘हो, हो... गाठ का? बिचारी.’ साखळीत त्याही आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही! अक्कल गहाण ठेवली होती मी.

७ ऑक्टोबर

सासूबाई कांदा चिरता चिरता मोठ्यानं प्रार्थना करतात. देवाशी बोलतात ते ओळखीच्या दुकानदाराशी बोलावं तसं, हक्कानं. आज ‘त्या बाईसाठी’ होती. शेवटी माझ्याकडे बघून थांबल्या. ‘आमेन म्हण की.’

म्हटलं.

९ ऑक्टोबर

भीती वाटते. दुसरं काही लिहायला नाही.

१० ऑक्टोबर

आज सासूबाई देवाला म्हणाल्या, ‘तिला बरं कर, असं सगळ्याच सांगतील तुला. मी म्हणते, आधी तिच्याजवळ बस. एकटीला ठेवू नकोस.’

मी नळ मोठा सोडला, हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून. मग पाठ न वळवताच विचारलं, ‘विश्वास असेल तर भीती कशी वाटते हो तिला?’

सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला. ‘अगं, वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभूसुद्धा घाबरलाच होता. घामाघूम झाला होता. त्याला नाही कळणार तर कुणाला कळणार?’

हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आज पहिल्यांदा मला त्याचा घाम दिसला. भांडी घासताना तोंडातून निघून गेलं — ‘त्या बाईला सांभाळ.’ स्वतःसाठी निघत नव्हतं, तिच्यासाठी निघालं.

१३ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. वाईट आहे. परवा ऑपरेशन.

नर्स म्हणाली, ‘पुढून उघडणारे कपडे आणा, हात वर जाणार नाही.’ माझे सगळे गाऊन डोक्यातून घालायचे. दुसऱ्यांचे शिवून शिवून बोटं झिजली, आणि आज सुईत दोरा जाईना. गाऊन तसेच कपाटात कोंबले.

देवा, मला मरायचं नाहीये. स्पष्टच सांगते.

सासूबाईंना सांगितलं, मैत्रिणीकडे राहायला जातेय चार दिवस. ‘बरं,’ म्हणाल्या. ना कुठली मैत्रीण, ना कशाला. एरवी भाजीला गेले तरी उलटतपासणी असते.

१५ ऑक्टोबर

निघायला दाराशी आले तर पिशवी भरून ठेवलेली. वरच माझे दोन गाऊन — पुढून कापलेले, बटणं लावलेली. टाके वाकडेतिकडे. एक बटण निळं, बाकी पांढरी.

सासूबाई चपला घालून बसल्या होत्या. ‘चल,’ म्हणाल्या. ‘त्या बाईला एकटीला नाही पाठवायचं.’