राणीछाप नाण्यावरचा ‘जी’

प्रिय सुमन,

आपल्याला कारखान्याचं क्वार्टर मिळालं. कधी मिळेल, कधी मिळेल म्हणून तू माझ्या मागे लागायचीस ना? काल आम्ही राहायला आलो. मजुरांच्या कॅम्पातली झोपडी आवरताना कुसुमने तुझा नाण्यांचा डबा उघडला. पाकिटांवरच्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, हे काय लिवलं हाये?" म्हणून आज तुलाच लिहितोय.

तुझे बाबा रेल्वेत. नागपूरला गेले की तिथल्या दुकानातून तुझ्यासाठी एखादं जुनं नाणं आणायचे. पाकिटावर नुसतं जी, नाहीतर व्ही.जी., नाहीतर एफ. मी प्लांटातल्या इंग्रजी पाट्या वाचतो, म्हणजे मला सगळं येतं असा तुझा समज! मी ठोकून दिलं, "जी म्हणजे राजाच्या नावाचं पहिलं अक्षर." दुसऱ्या दिवशी भाकर थापता थापता तू विचारलंस, "मंग राणीछाप नाण्यावर राजाचं अक्षर कावून?"

तुझ्या बहिणीच्या लग्नाला नागपूरला गेलो, तेव्हा तू मला ओढतच त्या दुकानात नेलंस. दुकानदार म्हणाला, "जी म्हणजे गुड, व्ही.जी. म्हणजे व्हेरी गुड, एफ म्हणजे फाइन. यू.एन.सी. म्हणजे जे वापरातच आलं नाही, एकदम कोरं."

तू राणीचं नाणं त्याच्यापुढे धरलंस. "चांगलं म्हनता, अन् राणीचं नाक दिसून नाही राह्यलं?"

"बाई, या धंद्यात वाईट असं कोणी लिहीत नाही. जी म्हणजे पार झिजलेलं."

परतीच्या गाडीत तू पदर तोंडाला लावून हसत होतीस. मग घरात सगळ्यालाच अक्षरं लागली. माझे ड्यूटीचे बूट जी. सुपेल्याच्या बाजारातली वांगी एफ. न्हाऊन आलेली कुसुम यू.एन.सी.

त्या वर्षी कारखान्यातल्या भट्टीचं काम जोरात होतं आणि मी अजून नोकरीत पक्का झालो नव्हतो. तुला ताप येत होता. डोळे पिवळे दिसत होते. मी घरी थांबतो म्हटलं की तू म्हणायचीस, "मले काही नाही झालं. तुमी जा." असं कितीदा म्हणालीस, सुमन?

मग एक दिवस नळावर पाणी भरताना तू पडलीस. शेजारच्या छत्तीसगढी बाईने तुला दवाखान्यात नेलं. निरोप मिळताच मी अंगावरच्या धुळीसकट तिथे आलो. तुझा हात धरून विचारलं, "कशी आहेस?"

तू आधी नर्सकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. म्हणालीस, "जी."

नर्स मला म्हणाली, "देखिए, इतनी बीमारी में भी कितने अदब से बोलती है." तिला वाटलं, तू हिंदीतला ‘जी’ म्हणालीस. त्या वॉर्डात तू काय बोललीस ते फक्त मला कळलं. मी खाटेचा दांडा घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

एक विचारू? तेव्हासुद्धा त्या दुकानदाराचीच भाषा का गं? ‘मले लई दुखून राह्यलं’ एवढं का नाही म्हणालीस? मला राग येतो तुझा. भट्टीजवळ उभा असताना येतो, जेवताना येतो.

कुसुमला मी शेवटी सगळी अक्षरं समजावली. ती ऐकून घेऊन डबा पोटाशी धरून चालू लागली. क्वार्टरच्या पायरीवर अडखळून पडली. गुडघा फुटला. मी धावलो तर ओठ दाबून म्हणाली, "काही नाही झालं, बाबा." अगदी तुझा चेहरा.

मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. "दुखून राह्यलं का, कुसुम?"

तिने गुडघ्यावरची माती झटकली. मग म्हणाली, "हो. अन् आई पायजे."

तू गेलीस त्या दिवशीही ती रडली नव्हती. काल रडली. मीही.

सुमन, मी तुला शब्द देतो. तिला रोज विचारीन, कशी आहेस म्हणून. आणि ती खरं सांगेपर्यंत ड्यूटीला जायला सायकलवर टांग टाकणार नाही.

तुझाच,
वामन