काचघरातला माड

चि. गुणवंतीस, इंग्लंडहून कुमुदताईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. सोहम आणि सूनबाई मला काही कमी पडू देत नाहीत.

रविवारी त्यांनी शहराबाहेरचा एका जुन्या सरदाराचा महाल दाखवला. बाग एवढी, की आपली अख्खी वाडी त्यात मावेल. तिथल्या उबदार काचघरात एक माड होता. मी बुंध्याला हात लावून नमस्कार केला, तर लोक बघायला लागले. त्याचा शेंडा छपराला टेकलाय. आता तो तोडणार आहेत, कारण काचेबाहेर गेला तर थंडीने मरेल. त्याला कधी एक नारळसुद्धा धरला नाही.

परतताना मी गुहागरच्या घरी राहायला जायचा विषय काढला. सोहम म्हणाला, "आई, तिथे एकटीला कोण बघणार?" त्याचं काही चुकत नाही गं. फोनवर बोलताना तो शेजारीच असतो, म्हणून हे लिहितेय.

तुझी कंबर कशी आहे? सोहमच्या बारशाला लावलेल्या माडाचे नारळ उतरवलेस का? त्यातला एक देवळात ठेव आणि गुरवाला माझ्यासाठी गाऱ्हाणं घालायला सांग. काय मागायचं ते तुला ठाऊक आहे. लेकाच्या मनाविरुद्धचं मागणं माझ्या तोंडून निघत नाही.

तुझी,
कुमुदताई