बनूआत्या, घरी जा

ती. बनूआत्यास,

संजीवनीचा वाकून नमस्कार. (समोर येऊन पाया पडले असते, पण तू दार लावून घेशील अशी भीती आहे.) तुझी तब्येत, तुझ्या कोंबड्या आणि खाचरातला भात सगळं ठीक असेल अशी आशा करते. आम्ही अंबरनाथला मजेत आहोत. माझ्या पायांची दोन नखं काळी पडली आहेत, पण ती मी येईल त्याला अभिमानाने दाखवते. तू रविवारपासून माझा फोन उचलत नाहीस. त्या सकाळी पंधरावीस माणसं तुझ्या अंगणासमोरून तुलाच "घरी जा" म्हणून ओरडत गेली, त्याचा खुलासा करायला हे पत्र. पूर्ण ऐकल्याशिवाय चुलीत घालू नकोस.

तुला ठाऊक आहे, मी आनंदनगरच्या कंपनीत पॅकिंगला आहे आणि वर्षभर सकाळी पालेगावच्या रस्त्यांवर धावते. पाय कधी दगा देत नाहीत, डोकं देतं. जरा लांब गेलं की आत सुरू होतं, छातीत कळ आली तर, चक्कर आली तर, गॅस बंद केला होता का. आमच्या धावण्याच्या गटाला शिकवणारा भावेश (उल्हासनगरचा आहे, अर्धं हिंदीत बोलतो) म्हणाला, "ताई, टेन्शन को एक नाम दे दो. आलं की बोलायचं, चल, घरी जा." त्याने स्वतःच्या भीतीला जुन्या साहेबाचं नाव दिलंय, गटातल्याच कीर्तीने दहावीच्या गणिताचं. माझ्या तोंडून पटकन तुझं गेलं. आत्या, रागावू नकोस, पण आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, आणि विहिरीकडे जाऊ नको, उन्हात फिरू नको, पळू नको पडशील, हे इतकं ऐकलंय की माझी भीती तुझ्याच आवाजात बोलते. तिला दुसरा आवाज येतच नाही.

पुढे घोटाळा असा झाला की साहेबाला नि गणिताला हाकलण्यात कुणाला मजा येईना. "बनूआत्या, घरी जा" मात्र पावलांवर नेमकं बसतं. महिन्याभरात अख्खा गट तेच ओरडू लागला. (तुला कधी न पाहिलेली माणसं तुझ्या नावाने चढ चढतात. एवढा मान सरपंचालाही नाही.) बदलापूरच्या हाफ मॅरेथॉनचा रस्ता खोदकामामुळे ऐनवेळी बारवी धरणाकडे वळवला, आणि तो तुझ्या दारावरून जातो हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा आम्ही तुझ्या वळणावर पोचलो होतो. दमलेली माणसं येणार असं गावात कळलं म्हणून तू लिंबूसरबताची कळशी घेऊन पहाटेपासून उभी. आणि चढ लागला म्हणून आमची मंडळी बेंबीच्या देठापासून ओरडतायत. त्यांना गप्प करायला माझ्यात दम उरला नव्हता.

खरं सांगते, मी तिथे बसणारच होते. पोटऱ्यांत गोळे आले होते, त्यात ही शरम. तू पेला हातात धरून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "मी नाय कुठं जायाची. तूच जा फुडं."

रागानेच म्हणालीस. पण तू मला पुढे जा म्हणालेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. डोक्यातली आत्या त्यावर गप्पच झाली. तिला बोलायचं तर तुझ्याच आवाजात, आणि त्या आवाजाने तर परवानगी दिलेली. उरलेला रस्ता मी कसलाही विचार न करता धावले आणि एकवीस किलोमीटर पूर्ण केले. तुझ्या भावाची मुलगी, पॅकिंगवाली, दोन पोरांची आई, एकवीस किलोमीटर. मला माझा फार अभिमान वाटतो आत्या, आणि ज्या माणसासमोर तो मिरवायचा, तेच फोन घेत नाही.

तुझीच,
संजीवनी

ता. क. गटाला तुझी माफी मागायची आहे. येत्या रविवारी सगळे तुझ्याकडे धावत येणार आहेत. तू काही करू नकोस. (तांदळाच्या भाकरीचा आणि सुकटीचा विषय मी काढलेला नाही, त्यांनीच काढला. मी फक्त किती छान लागतं ते सांगितलं.)

आणखी एक ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तू घाबरून दोनदा पुढे ढकललीस. आता मी घेऊन ठेवली आहे, मंगळवारची. भीती वाटली तर तिला माझं नाव ठेव आणि टेबलावरून खुशाल ओरड, संजे, घरी जा. मी दाराबाहेरच बसलेली असेन आणि अजिबात ऐकणार नाही.